ती बातमी तुझी होती

वाचक बहिणीचं पत्र:

"ताई, मी २९ वर्षांची. माहेर डिचोलीकडे, सासर फोंडा तालुक्यात, नोकरी वेर्ण्याला एका औषध कंपनीत. जूनमध्ये मला तिसरा महिना चालू होता. घरात नवरा, सासूबाई आणि मोठ्या जाऊबाई एवढ्यांनाच माहीत. माझ्या आईला सुद्धा सांगितलं नव्हतं, तिला बीपी आहे, तीन महिने नीट गेले की सांगू असं ठरवलं होतं. एका रात्री त्रास सुरू झाला, ॲडमिट केलं, आणि बाळ राहिलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी मी झोपेत असताना जाऊबाईंनी माझ्या सलाईन लावलेल्या हाताचा फोटो काढला आणि स्टेटसला टाकला, घराण्याच्या ग्रुपवर टाकला (त्यात १४० माणसं आहेत), फेसबुकवर पण मला टॅग करून टाकला. खाली लिहिलं, 'माझ्या धाकट्या जावेसाठी प्रार्थना करा, देवाने दिलं आणि देवानेच नेलं.' फोटोत हाताखाली केसपेपर आहे, झूम केलं की नाव, वय, मोबाईल नंबर सगळं वाचता येतं. माझ्या आईला हे डिचोलीच्या बाजारात एका बाईकडून कळलं. ऑफिसात मी परत जायच्या आधी सगळ्यांना माहीत. नवरा म्हणतो वहिनीने मायेने टाकलं, तू उगाच वाढवतेस. फेसबुकवर तो फोटो अजून आहे. आता चवथीला (गणेश चतुर्थीला) सगळे मूळ घरी जमणार, मला जावंसंच वाटत नाही. आणि फोन उघडला की अजून बाळाच्या कपड्यांच्या, डायपरच्या जाहिराती येतात, ते बघून रडू येतं, मी गर्भारपणाचं एक ॲप घेतलं होतं त्यामुळे असेल का? मी चुकते का, ताई? नाव छापू नका."

बाय, तुझं पत्र मी तीनदा वाचलं. आधी एक सांगून टाकते, वर छापलंय त्यातलं गाव तुझं नाही, तालुका तुझा नाही, नोकरीची जागाही तुझी नाही, आणखी दोन बारीक गोष्टी बदलल्यात, आणि तो बदललेला मजकूर तुला पाठवून तुझा होकार आल्यावरच इथे आलाय. आपल्या गोव्यात नुसतं नाव गाळून भागत नाही गे. २०११ च्या जनगणनेत सगळे मिळून साडेचौदा लाखांच्या आसपास माणसं, इथे अमक्या गावची लेक, तमक्या गावची सून आणि अमुक ठिकाणी कामाला एवढं कळलं की कदंबाच्या बसमध्ये शेजारी बसलेली बाई सुद्धा तुझं घर ओळखून दाखवील.

जे झालं त्याचं मला फार वाईट वाटतं. आणि पत्रात तू लिहिलं नाहीस तरी तुला कोणी ना कोणी विचारलंच असणार, जड उचललंस का, स्कूटर चालवत होतीस का, पपई खाल्लीस का. डॉक्टर सांगतात की कळून आलेल्या गर्भारपणांपैकी शंभरातली दहा ते वीस अशी जातात, आणि सुरुवातीच्या महिन्यांत गेलेल्यांत बहुतेक वेळा गर्भाच्या वाढीतच दोष असतो, आईने केलेल्या कुठल्या कामामुळे ते होत नाही. हे मी मुद्दाम लिहितेय, कारण त्या एका फोटोमुळे हा प्रश्न विचारायचा रस्ता १४० जणांना मोकळा झाला, आणि तू त्या प्रश्नांची उत्तरं मनातल्या मनात देत बसली असशील.

तू विचारलंस मी चुकते का. नाही. अजिबात नाही.

नवरा म्हणतो वाढवतेस. त्याला बहुतेक असं वाटतंय की लोकांना कळलं याचा तुला राग आहे, आणि लोकांना आज ना उद्या कळणारच होतं मग एवढं काय. पण लोकांना कळलं हे तुझं दुःख नाहीये. तुझ्या आईला तू कसं सांगितलं असतंस ते जरा डोळ्यांसमोर आण. फोनवर नसतंच सांगितलंस. घरी गेली असतीस, तिने चहा ठेवला असता, तिच्या बाजूला बसून आधी म्हटलं असतंस "आई, मी बरी आहे हां", मग हळूहळू पुढचं, आणि तिने तुझा हात धरला असता. त्याऐवजी ती बाजारात उभी, हातात भाजीची पिशवी, आणि समोरची बाई म्हणते "तुझ्या लेकीचं ऐकलं गे". तिला आपली लेक गरोदर होती हे आणि ते बाळ गेलं हे दोन्ही एकाच वाक्यात कळलं, परक्या बाईकडून, आणि त्या बाईसमोर तिला आपल्याला माहीत होतं असं तोंड करून उभं राहावं लागलं असणार. हे तुझ्याकडून गेलं. ती बातमी तुझी होती, कोणाला, कधी, कुठल्या शब्दांत सांगायची हे तू ठरवणार होतीस, आणि ते ठरवणं कोणीतरी तुझ्या झोपेत तुझ्या हातातून काढून घेतलं.

आणि हे काही आताचं नवीन खूळ नाहीये. आपल्याकडे लग्न ठरलं की पहिलं आमंत्रण देवाला, मग मामाला, मग मानाची घरं, मग वाडा, मग बाकीचे. तीन महिने पूर्ण होईपर्यंत दिवस गेल्याचं बाहेर बोलायचं नाही हे तर तुझ्या आजीने पण पाळलं असणार, दृष्ट लागते म्हणायच्या त्या, पण त्यात मोठं शहाणपण होतं, बाळ राहिलं नाही तर त्या बाईला गावभर तोंड द्यायला लागू नये. कुठली गोष्ट आधी कोणाला आणि नंतर कोणाला हा क्रम आपल्या माणसांनी पिढ्यानपिढ्या सांभाळला. मोबाईल आला आणि तो क्रम एका अंगठ्यात गेला, आई, ऑफिसातला शिपाई, नवऱ्याच्या आतेभावाची बायको जिला तू लग्नात एकदा बघितलंस, सगळ्यांना एकाच सेकंदाला.

मी हे एवढं ठासून का लिहितेय सांगते. माझा मुलगा दहावीला होता तेव्हाची गोष्ट. निकाल लागला, चांगले मार्क पडले, मी घाईघाईत मार्कलिस्टचा फोटो काढला आणि फेसबुकवर टाकला, नाव, सीट नंबर, जन्मतारीख, एकेका विषयाचे मार्क सगळं त्यात. अर्ध्या तासात नव्वदएक लाईक. संध्याकाळी पोरगा खोलीतून बाहेरच येईना. जेवायला पण नाही. मला वाटलं गणितात दोन मार्क कमी पडले म्हणून रुसलाय. दोन दिवसांनी बोलला, "आई, आजोबांना मी सांगणार होतो. मी पेढे घेऊन जाणार होतो. त्यांनी मला फोन केला आणि म्हणाले, बघितला रे तुझा निकाल." एवढंच. मला काय बोलावं सुचलं नाही. ते आजोबा पुढच्याच वर्षी गेले, आणि नातवाने पेढ्याचा पुडा हातात देऊन सांगायची ती एक वेळ मी त्या दोघांकडून काढून घेतली ती घेतलीच. मी पण मायेनेच टाकला होता तो फोटो. म्हणून तुझ्या जाऊबाईंची माया मला खरी वाटते आणि तुझं दुखणं पण खरं वाटतं, दोन्ही एकाच वेळी खरं असू शकतं, हे नवऱ्याला समजावून सांग.

त्याला अजून एक विचार. पणजीला फोंतेन्हास या जुन्या वस्तीत पर्यटक लोकांच्या दारात, खिडकीत, पायरीवर उभं राहून फोटो काढतात, तिथल्या माणसांनी वैतागून घरांवर फोटो काढू नका म्हणून पाट्या लावल्या. ते वाचून आपण सगळे म्हणतो बरोबर आहे, न विचारता कोणाच्या घराचे फोटो कसले काढता. मग घराच्या भिंतीपेक्षा घरातल्या बाईचा हात जास्त जवळचा ना? सलाईन लावलेला, झोपेतला.

कायद्याचं थोडं सांगते, कारण अशा पत्रांत नेहमी कोणीतरी विचारतंच की केस करता येते का. २४ ऑगस्ट २०१७ ला सुप्रीम कोर्टाच्या नऊ न्यायाधीशांनी एकमताने सांगितलं की खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, घटनेच्या २१ व्या कलमातल्या जगण्याच्या हक्कातच तो येतो. ती केस आधारवरून सुरू झाली होती आणि ती घातली होती के. एस. पुट्टस्वामी या कर्नाटकच्या निवृत्त न्यायमूर्तींनी, २०१२ मध्ये, वयाच्या ८६ व्या वर्षी. त्या निकालात आपल्याबद्दलची माहिती कुठे जाते यावर आपला ताबा असणं हाही खासगीपणाचा भाग धरलाय. पुढे २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आला, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये निघाले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत. पण हा कायदा माणसाने स्वतःच्या घरगुती कामासाठी वापरलेल्या माहितीला लागत नाही, कंपन्या नि संस्थांसाठी आहे तो. म्हणजे जावेने घरच्या ग्रुपवर फोटो टाकला तर त्या कायद्याची वाट घराच्या उंबऱ्यापर्यंत येत नाही, आणि खरं सांगू, यायला पण नको. त्याच कायद्यात अजून एक गोष्ट आहे जी फार कमी लोकांना माहीत असते, आपण स्वतः होऊन जी माहिती जाहीर करतो तिलाही तो लागू होत नाही. पब्लिक करून टाकलेला वाढदिवस, नंबर, पोरांच्या शाळेच्या युनिफॉर्ममधला फोटो, ते आपणच सोडून दिलेलं, त्याच्यामागे कायदा धावणार नाही.

ज्यांना कोणी मुद्दाम बदनाम करायला खासगी फोटो टाकलेत किंवा तसे टाकीन म्हणून धमकावतंय त्यांची गोष्ट पूर्ण वेगळी, तिथे समजावत बसायचं नाही, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे, सायबरक्राईम डॉट जीओव्ही डॉट इन वर तक्रार टाकायची नाहीतर सरळ रायबंदरच्या सायबर पोलीस स्टेशनला जायचं. अंगाचे खासगी फोटो संमतीशिवाय काढणं, पसरवणं याला आयटी कायद्याच्या ६६ई कलमाखाली तीन वर्षांपर्यंत कैद आहे. तुझं प्रकरण ते नाही.

तुझ्या फोटोकडे येते. स्टेटस चोवीस तासांनी आपोआप गेलं. ग्रुपवरचा फोटो टाकणाऱ्याला सगळ्यांसाठी डिलीट करता येतो, पण दोन दिवसांच्या आसपासच, ती वेळ केव्हाच टळली. आणि बहुतेकांच्या फोनवर ग्रुपचे फोटो आपोआप गॅलरीत उतरतात, तेव्हा तिथलं सगळं पुसता येईल अशी आशा मी तुला लावणार नाही. पण ग्रुपवरच्या गोष्टी लोक विसरतात, सकाळच्या शुभ प्रभातच्या फुलांखाली चार दिवसांत गाडल्या जातात. फेसबुकचं तसं नाही. तिथे तो तुझ्या नावाला चिकटलेला आहे, आणि पुढच्या वर्षी जूनमध्ये जाऊबाईंच्या फोनवर आठवण म्हणून परत वर येईल, त्या परत शेअर करतील. म्हणून तो आधी काढायचा.

आजच्या आज तू एकटीने करायचं ते एवढंच की त्या पोस्टवरचे तीन टिंब दाबून तुझा टॅग काढ. त्याने पोस्ट जात नाही, पण तुझ्या नावावरून तिथे पोचायचा रस्ता बंद होतो. मग सेटिंगमध्ये प्रोफाइल अँड टॅगिंग म्हणून आहे, तिथे रिव्ह्यूचे दोन पर्याय आहेत ते दोन्ही चालू कर, म्हणजे पुढे कोणी टॅग केलं तर तुला आधी विचारलं जाईल, तू हो म्हटल्याशिवाय तुझ्या पानावर येणार नाही. सगळ्यांनी हे करून ठेवायला पाहिजे, दोन मिनिटं लागतात. बाकी पोस्ट पूर्ण काढणं जाऊबाईंच्याच हातात आहे, आणि त्यांनी मूळ पोस्ट काढली की ज्यांनी ती शेअर केली त्यांच्याकडची पण उघडत नाही. फेसबुकच्या नियमांत दुसऱ्याची वैद्यकीय माहिती उघड करणं बसत नाही, रिपोर्ट करून फोटो काढायला सांगता येतं, पण ते मी शेवटच्या पायरीवर ठेवीन. रिपोर्ट केलास तर फोटो जाईल, जाऊबाईंना कोणी केलं त्याचा अंदाज लगेच येईल, आणि पुढची वीस वर्षं तुला त्याच स्वयंपाकघरात उभं राहायचंय.

केसपेपरवरचा नंबर मात्र गंभीर आहे. नाव, वय, हॉस्पिटल, नंबर एवढं हातात आलं की कोणीही फोन करून इन्शुरन्सचे पैसे परत देतो, फाईल बंद करतो असं सांगून ओटीपी मागू शकतो, आणि बोलणारा तुझ्या ॲडमिशनची तारीख सांगेल म्हणून तुला खराच वाटेल. असा फोन आला तर काही न बोलता ठेव. पैसे गेलेच तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाईनला फोन कर.

आता बोलायचं कसं. ग्रुपवर नाही, मेसेजने तर नाहीच, मेसेजमध्ये आवाज नसतो, वाचणारा स्वतःच्या मनातला आवाज त्यात घालतो. आणि भांडण झाल्यावर ते मेसेज पण फिरतात. तू लिहिलंस चवथीला जावंसं वाटत नाही, मी म्हणते चवथीच्या आधी जा. नेवऱ्या (करंज्या) करायला बसाल ना सगळ्या जावा, सासूबाई, तो दिवस धर. हात कामात असले की तोंडाला जरा सोपं जातं, एकमेकींच्या डोळ्यांत बघायला नको, खोबरं भाजल्याचा वास, पारी लाटायची, सारण भरायचं, कडा मुरडायची, आणि मध्येच बोलायचं. पण बाकीच्या उठून गेल्यावर, दोघीच असताना. घरात तुम्ही कोंकणीत बोलत असाल तर कोंकणीतच बोल, पाठ केलेलं मराठी वाक्य टाकलंस तर त्या लगेच सावध होतील.

काय बोलायचं, तर साधारण असं. "वहिनी, त्या रात्री तुम्ही माझ्याबरोबर हॉस्पिटलात राहिलात, मी विसरणार नाही. तो फोटो तुम्ही काळजीनेच टाकलात ते पण मला कळतं. पण आईला माझ्या आधी ते बाजारात कळलं, वहिनी. ती मला अजून काही बोलली नाही, पण मला रात्री झोप लागत नाही." आणि थांब. पुढे भरायला जाऊ नकोस. ही वाक्यं मी दिलीत ती जशीच्या तशी घेऊ नकोस, तुझ्या तोंडची कर, फक्त एक लक्षात ठेव, त्यांना तुम्ही चूक केलीत असं म्हणायचं नाही, काय झालं ते सांगायचं. आईचं नाव निघालं की त्यांना कळेल, त्या पण कोणाच्या तरी लेक आहेत. मग शांतपणे फोन मागून घे, "तो फेसबुकवरचा काढूया ना आता", आणि त्यांच्यासमोरच दोघी मिळून काढा. मोठ्या वयाच्या पुष्कळ माणसांना काढायचा कसा हेच माहीत नसतं आणि ते कबूल करायला लाज वाटते, म्हणून "काढते हां" म्हणून महिने जातात. गॅलरीतून पण काढा, आणि गॅलरीच्या कचऱ्याच्या डब्यातून पण.

त्या चिडल्या तर? चिडतील कदाचित. "आम्ही एवढं केलं आणि हिला फोटोचं पडलंय" असं सासूबाईंकडे जाईल. त्याची तयारी म्हणून नवऱ्याने आधीच आईशी बोलून ठेवायला पाहिजे. हे काम त्याचं आहे, तुझं नाही, घर त्याचं, वहिनी त्याची, आई त्याची. त्याला हे पत्राचं उत्तर दाखव हवं तर. त्याने बाजू घेऊन भांडायला नको, त्याने एवढंच म्हणायला पाहिजे की हिला आणि मला दोघांनाही ते नको होतं. दोघांनाही. ते बाळ त्याचं पण होतं ना, आणि त्याला कोणी विचारलं का तो फोटो टाकायच्या आधी? मला वाटतं त्याने स्वतःचं दुःख अजून कुठे बोललेलंच नाही, म्हणून तुझं त्याला जड होतंय.

चवथीत फोटो निघणारच, ते थांबवता येणार नाही आणि थांबवायचं पण नाही. गणपतीवर बांधलेल्या फळांच्या माटोळीचा फोटो, मूर्तीचा फोटो, घुमट आरतीचा व्हिडिओ हे सगळं सगळ्यांचं. पण घराण्याच्या ग्रुपचे ॲडमिन कोण आहेत, थोरले काका असतील तर नवऱ्याने त्यांच्या कानावर घालावं की यंदा माणसांचे, खास करून पोरांचे फोटो विचारून टाकूया, आणि आजारपण, दिवस गेलेत, नोकरी गेली, सोयरीक जुळतेय अशा गोष्टी ज्याच्या त्याने सांगेपर्यंत ग्रुपवर नकोत. मोठ्या माणसाने सांगितलं की ते घराचा नियम म्हणून जातं, धाकट्या सुनेने सांगितलं की नखरे म्हणून जातं, अन्याय आहे पण सध्या काम होणं महत्त्वाचं. काकांना पटवायचं असेल तर चोरीचं उदाहरण द्या. चवथीला पणजी, वास्को, मडगावचे फ्लॅट कुलूप लावून माणसं मूळ गावी जातात आणि तिथून दर तासाला लाईव्ह फोटो टाकतात, म्हणजे आमचं घर पाच दिवस रिकामं आहे ही पाटीच लावली दारावर. हे काकांना लगेच कळेल. शिवाय व्हॉट्सॲपवर तुझा डीपी, लास्ट सीन कोणी बघायचं, तुला कुठल्याही ग्रुपात कोण ओढू शकतं हे प्रायव्हसीच्या सेटिंगमध्ये तुझ्या हातात आहे, तिथे माय कॉन्टॅक्ट्स एक्सेप्ट म्हणून आहे, त्यात नको ती नावं घालता येतात आणि त्यांना काही कळत नाही.

आता जाहिराती. हे वाचून माझ्या पोटात कालवलं, कारण जाऊबाईंना निदान माया आहे, या कंपन्यांना तुझं बाळ गेलं ते माहीतच नाही, त्यांच्या हिशेबात तू अजून गरोदर आहेस, पुढच्या जानेवारीपर्यंत पोट वाढत जाणार आणि मग डायपर. ॲपमुळे असेल का विचारलंस, असू शकतं. फ्लो नावाचं पाळीचं ॲप आहे, दहा कोटींपेक्षा जास्त लोकांनी वापरलेलं, त्यांनी माहिती गुप्त ठेवू असं सांगून ती फेसबुक, गुगल अशा कंपन्यांच्या यंत्रणांना दिली म्हणून अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने त्यांना धरलं आणि २०२१ मध्ये तडजोड झाली. तुझं ॲप कुठलं ते मला माहीत नाही, पण तू गुगलवर जे शोधलंस, ज्या दुकानाच्या ॲपवर झबली बघितलीस, त्यावरून पण या जाहिराती येतात.

करायचं असं. ते ॲप फोनवरून नुसतं उडवू नकोस, आधी उघड, सेटिंगमध्ये जाऊन अकाउंट आणि डेटा डिलीट करायची विनंती टाक, मग काढ, नाहीतर तुझी तारीख त्यांच्याकडे तशीच राहते. ॲप उघडलं की पहिल्या पानावर बाळ आता किती मोठं झालं ते येईल, तेवढ्यासाठी फोन नवऱ्याकडे दे, त्याला करू दे. मग फेसबुक नि इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये अकाउंट्स सेंटर, त्यात ॲड प्रेफरन्सेस, तिथे जाहिरातींच्या विषयांत पेरेंटिंग शोध आणि सी लेस दाब. गुगलला माय ॲड सेंटर आहे, त्यात सेन्सिटिव्ह म्हणून भाग आहे, तिथे प्रेग्नन्सी अँड पेरेंटिंगचं बटण बंद कर, यूट्यूबच्या जाहिरातींना पण तेच लागतं. शोधाची जुनी हिस्टरी पण पुसून टाक. सगळ्या एकदम थांबणार नाहीत, तुटक तुटक येतील अजून काही आठवडे, पण फरक पडतो. इथे मात्र काही संकोच करू नकोस, या लोकांशी नेवऱ्या करत बोलायची गरज नाही.

ऑफिसात कोणाला काही सांगायला तू बांधील नाहीस. कोणी विचारलं तर "आता बरी आहे, त्यावर बोलायला नको वाटतं" एवढं म्हण आणि कामाचं काहीतरी विचार. दोनदा असं केलंस की तिसऱ्यांदा कोणी विचारत नाही. एखादी मैत्रीण असेल तिथे जिच्याजवळ रडावंसं वाटतं, तर तिला सांग, मनापासून सांग.

आणि आई. तू लिहिलंस आईला बाजारात कळलं, पण त्यानंतर तू तिच्याशी काय बोललीस ते पत्रात कुठेच नाही. मला वाटतं बोललीच नाहीस. तिला लाज वाटत असेल की लेकीने आपल्याला सांगितलं नाही, तुला लाज वाटत असेल की सांगायचं राहिलं, आणि दोघी फोनवर जेवलीस का, पाऊस आहे का, एवढंच बोलत असाल. बाजारातल्या बाईने तिला सांगितलं ते एक वाक्य होतं. त्या रात्री काय झालं, तुला कधी कळलं, किती दुखलं, तीन महिने तू तिच्यापासून का लपवलंस, तिच्या बीपीची तुला किती काळजी होती, यातलं तिला अजून काहीच माहीत नाही. ते अजून तुझ्याकडेच आहे. टॅग काढलास की फेसबुकवरचं बाकीचं, जाऊबाई, जाहिराती हे सगळं पुढच्या आठवड्यात करता येईल. या रविवारी डिचोलीला जा, एकटी जा, नवऱ्याला म्हण संध्याकाळी न्यायला ये. फोन पर्समध्येच ठेव. तिने चहा ठेवला की स्वयंपाकघरातच बस, तिथेच सांग.